बोटिंगला पायात काय घालता? (कोल्हापुरी घालून झालं आहे)

कळंबा_नाका (धागाकर्ता) | सोम, रात्री ९:१०

मंडळी, हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

मित्राची काळम्मावाडी धरणाच्या बॅकवॉटरला लागून शेती आहे. त्याच्याकडं एक जुनी फायबरची होडी होतीच, आम्ही चौघांनी वर्गणी काढून हवा भरायची एक कयाक घेतली. गेल्या रविवारी उद्घाटन. नारळ मी फोडला, पेढे मी वाटले आणि होडीत पहिला पायही मीच टाकला. पायात कोल्हापुरी. डावा पाय होडीत, उजवा काठाच्या तांबड्या चिखलात. चिखलातली चप्पल सुटायला तयार नाही, होडीतली थांबायला तयार नाही. होडी हळूच पुढं सरकली आणि कंपासपेटीतलं कर्कटक उघडावं तसा मी उघडत गेलो.

गुडघा सोलला, फोन वाचला, उजवी चप्पल धरणाला अर्पण. डावी घरी आहे. दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगू का, असं बायकोनं दोनदा विचारून झालंय.

तर प्रश्न. पुढचे तीन-चार रविवार जायचंय. डिसेंबरात घरच्यांना घेऊन तारकर्ली. बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि आई. आई ६८ वर्षांची, शुगर आहे. स्पोर्ट्स शूज भिजले की दोन दिवस वाळत नाहीत. स्लीपर पायातून निघते. नेटवर बघावं तर वॉटर शूज, डेक शूज, बोट शूज, अ‍ॅक्वा सॉक्स, नावं वाचूनच दमलो. एकच जोड सगळीकडं चालेल असं काही आहे का? अनुभव असणाऱ्यांनी सांगा. नसलेले तसेही सांगणारच.

तांबडा_पांढरा | सोम, रात्री ९:१४

नारळ फोडताना पायताण काढलं होतंस का न्हाई? काढलं असशील तर परत घातलंस कशाला? तिथंच गंडलंय सगळं.

कळंबा_नाका | सोम, रात्री ९:१६

काढलं होतं. परत घातलं. मुद्दा मान्य.

मंगळवारपेठ_मामा | सोम, रात्री ९:३०

अनुभव नाही, पण सांगतो. रंकाळ्यात पॅडल बोट मारायची असेल तर काय बी घाला. बुटात पाणी यायच्या आधी मांड्या भरून येतात.

नदीकाठचा | सोम, रात्री १०:०५

मी शिरोळकडचा. कृष्णेला आमच्या बाजूला होड्यांच्या शर्यती होतात, सांगलीला तर पूल माणसांनी भरतोय. दोन वर्षं मी वल्हं मारलंय. एकाच्याबी पायात काय नसतं. बघणाऱ्याला वाटतं वल्हं हातानं मारतात. जोर पायातनं येतो. बोटं फळीत रुतवायची, टाच आडव्या लाकडाला लावायची, मग पाठ. बूट असला तर फळी कळतच न्हाई. नरसोबाच्या वाडीला घाटावर बघा, नावाडी दिवसभर माणसं पलीकडं सोडतोय, अनवाणी.

आन पाव्हणं, तुमचा घोटाळा चपलेचा न्हाई. पाय टाकण्याचा हाय. बारक्या होडीत पहिला पाय टाकायचाच नसतो. पहिलं बूड टाकायचं. कयाक गुडघ्याखालच्या पाण्यात आणायची, दोन्ही बाजूला पाय सोडून मधोमध बसायचं, मग एकेक पाय पाण्यात खळबळून आत घ्यायचा. चिखल बाहेर, माणूस आत. फायबरची असली तर दुसऱ्यानं धरायची, आपण वाकून दोन्ही काठ धरायचे आन पाय पार मध्यावर. उभं राहून काठावर पाय देणारा पडणारच, मग पायात सोन्याचे बूट का असंनात.

तांबडा_पांढरा | सोम, रात्री १०:०९

पहिलं बूड टाकायचं! आमच्या हाफिसात सगळे तेच करतात.

चिमणी_काकू | सोम, रात्री १०:४०

नदीकाठच्या दादांचं बसण्याचं अगदी पटलं. अनवाणीचं नाही. त्यांच्या तळव्याला नदीची सवय आहे, आपल्याला फरशीची. शिवाय हल्ली कुठल्याही तळ्याच्या काठाला जा, गवतात बाटल्यांच्या काचा. माझ्या भाच्याच्या टाचेला चार टाके पडले. होडी लांबच राहिली, गाडीतून उतरून पाण्यापर्यंत जातानाच पाय कापला.

बॉस्टनचा_बाब्या | मंगळ, पहाटे ५:२०

मूळ राजारामपुरीचा, सध्या समुद्राकाठी बर्फ उपसतो. इकडं शिडाच्या बोटीवर जायचं म्हणजे बोट शूज. त्यांची गोष्ट मजेशीर आहे. कनेक्टिकटचा पॉल स्पेरी नावाचा गृहस्थ स्वतःच्या बोटीच्या ओल्या डेकवरून घसरून पाण्यात पडला. पुढं हिवाळ्यात त्याचा कॉकर स्पॅनियल कुत्रा बर्फावर बिनघोर पळताना त्याला दिसला. कुत्र्याचे पंजे उलटे करून बघितले तर गादीवर बारीक बारीक चिरा. त्यानं चाकू घेऊन रबराच्या सोलला तशाच नागमोडी चिरा पाडल्या. १९३५ सालची गोष्ट. पुढं अमेरिकी नौदलानंही ते बूट घेतले.

चिरांचं काम असं की पाय टेकला, सोल वाकला की चीर उघडते, खालचं पाणी तिच्यात शिरतं आणि रबर डेकला चिकटतं. सोल पांढरा ठेवतात, कारण काळ्या रबराचे ओरखडे पांढऱ्या डेकवर उठतात आणि मग बोटमालक ज्या नजरेनं बघतो ती नजर मी भोगली आहे.

पण हे कातडी असतात. गोड्या पाण्याचे शिंतोडे ठीक, चिखलात बुडवायचे नव्हेत. काळम्मावाडीला घालून गेलात तर ते फार तर फोटोपुरते.

तांबडा_पांढरा | मंगळ, सकाळी ८:०२

त्या कुत्र्याला रॉयल्टी मिळाली का?

बॉस्टनचा_बाब्या | मंगळ, सकाळी ८:१५

नाव प्रिन्स होतं. राजपुत्राला रॉयल्टी काय द्यायची.

कापशीकर_कारागीर | मंगळ, दुपारी १:१०

चपलेवर हसताय तर चपलेची बाजू पण ऐका. आमच्या घरात आजोबांपासून हे काम आहे.

कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात मुरवतात. वर कुठला प्लास्टिकचा थर नाही. म्हणून ते घाम पितं, म्हणून चैत्रात पाय गार राहतो, आणि त्याच गुणानं पाणीपण पितं. तळाचे थर कातड्याच्या वादीनं शिवलेले असतात, खिळा नसतो. भिजलं की तळ फुगतो, वादी ढिली पडते आणि पाय ठेवायची जागा साबण लावल्यासारखी होते. तुम्ही घसरलात ते बहुतेक होडीवर नाही, चपलेवरच घसरलात. नवी चप्पल मुद्दाम ओली करून पायात घालून मापाला आणतात तो प्रकार वेगळा. चिखलात रुतवायची ती वस्तू नव्हे.

उरलेली डावी उन्हात ठेवू नका, पापड होईल. सावलीत सपाट ठेवा, वर पाटा, दोन दिवस. मग तेलाचा हात फिरवा. उजवी पाहिजे असेल तर डावी मापाला घेऊन या. एक पाय पण करून देतो. लोक फक्त पैसे देताना म्हणतात, अर्धी जोडी तर आहे.

सीमेवरचा | मंगळ, दुपारी १:३५

कोल्हापुरी कोल्हापुरी म्हणता, निम्म्या चपला अथणीकडून येतात हे पण सांगा की.

कापशीकर_कारागीर | मंगळ, दुपारी १:४४

सांगतो की. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो दोन्ही राज्यांना मिळून. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हातात रापी असलेल्या माणसाचं यात भांडण नाही.

मंगळवारपेठ_मामा | मंगळ, दुपारी १:५०

२०२५ ला मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला चालल्या, कुणी घसरलं नाही. तिथं चिखल नव्हता.

सीमेवरचा | मंगळ, दुपारी २:०१

बेळगाव आमचंच.

संपादक_मंडळ | मंगळ, दुपारी २:२०

सीमाप्रश्न या धाग्यावर सुटणार नाही. पायात काय घालायचं यावर बोलावं. पुढचे अकरा प्रतिसाद हलवले आहेत.

रबर_सोल | मंगळ, रात्री ८:४५

गोकुळ शिरगावला रबर मोल्डिंगमध्ये आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

मूळ प्रश्नातच एक मेख आहे. चिखलाला आणि ओल्या फायबरला लागणारे सोल एकमेकांच्या उलटे असतात. चिखलाला मोठे, लांब लांब बसवलेले ठोकळे लागतात, म्हणजे माती त्यांच्यात अडकून न राहता झडते. ओल्या गुळगुळीत पृष्ठाला जास्तीत जास्त रबर टेकलेलं लागतं, मऊ, आणि बाब्यानं सांगितल्या तशा बारीक चिरा. ठोकळ्यांचा बूट ओल्या फायबरवर चार-सहा टोकांवरच उभा राहतो, म्हणून सटकतो. चिरांचा बूट चिखलात गेला की चिरा भरतात आणि तो पोळपाटासारखा सपाट होतो. दोन्हीकडं शंभर टक्के चालणारी जोड मिळणार नाही. म्हणून नदीकाठच्या दादांचं 'पाय खळबळून आत घ्या' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. चिरा धुतल्या की बूट परत कामाला लागतो.

शेवाळावर मात्र कुठलंही रबर चालत नाही. घाटाच्या हिरव्या पायरीवर महागातला बूट आणि पंधरा वर्षांची हवाई चप्पल दोघांची लायकी एक. तिथं पायरी बघून उतरणं हाच उपाय.

दुकानात बघायच्या गोष्टी. सोलवर नख दाबा, किंचित रुतलं पाहिजे. खडखडीत कडक सोल वर्षानुवर्षं टिकतो आणि ओल्यावर पाडतो. मऊ सोल लवकर झिजतो, ती त्याची किंमत. बूट मधून वाकवा, चिरा उघडतात का बघा. तळाला किंवा कडेला पाणी जायला भोकं पाहिजेत. घरी आणलात की तांब्याभर पाणी ओता, दहा मोजेपर्यंत निघून गेलं नाही तर तो वॉटर शू नव्हे, बादली आहे. क्रॉक्ससारखे फोमचे हलके, पाण्यावर तरंगतात, पण मागचा पट्टा टाचेवर ओढल्याशिवाय घालू नका.

आणि एक. माळ्यावर पाच-सहा वर्षं जपून ठेवलेले ट्रेकिंगचे बूट काढून नेऊ नका. त्यातला पीयूचा (पॉलियुरेथेन फोमचा) थर हवेतल्या दमटपणानं आतून कुजतो, न वापरता. वरून बूट कोरा करकरीत दिसतो, आणि पाण्यात अर्ध्या तासात सोल जीभ काढतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे हमखास.

भटक्या_विमुक्त | मंगळ, रात्री ९:०३

सोल जीभ काढतो यावर शिक्कामोर्तब. माझा एक सोल पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत म्हाळुंग्याच्या आसपास गेला, दुसरा पुढच्या ओढ्यात. उरलेली वाट दोन्ही बुटांना नाड्यांनी करकचून बांधून काढली. ट्रेकवाले ओल्या कातळाला अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज घालतात ते बोटीला चालतील का?

रबर_सोल | मंगळ, रात्री ९:१२

पकड चांगली. पण बंद बूट आहे, पाणी साठतं, आणि नाड्या. कयाकमध्ये पुढं पाय टेकवायला खुंट्या असतात त्यांना नाडीचा फास बसतो. कयाक उलटली की पाय पटकन बाहेर आला पाहिजे. लोंबणाऱ्या पट्ट्यांच्या सँडललाही हेच. नाडी असेल तर टोकं आत खोचा. हवेच्या कयाकला अजून एक पथ्य: ठोकळ्यांत अडकलेली खडी आणि बाभळीचा काटा. बसायच्या आधी सोल उलटा करून बघायचा, नाहीतर चौघांची वर्गणी फुस्स.

पूर_पाहिलेला | बुध, सकाळी ७:३०

एक सांगतो, गमबूट घालून कधी होडीत बसू नका.

२०१९ चा ऑगस्ट, पंचगंगेचा पूर. राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या पुढं गेलेलं. आम्ही गल्लीतली पोरं बोटवाल्यांना घरं दाखवायला बरोबर जायचो. कुणाची म्हातारी वर आहे, कुणाची म्हैस गच्चीवर आहे, हे बाहेरच्यांना कसं कळणार. मला वाटलं घाण पाणी आहे, गमबूट बरे. एका दारात उतरायला गेलो, पायरी होती त्याच्या अलीकडं गटार होतं, झाकण वाहून गेलेलं. छातीपर्यंत आत. दोन्ही बूट भरले. लाईफ जॅकेट होतं म्हणून वर होतो, पण बोटीत चढायला पाय उचलेना. दोघांनी काखेत धरून ओढला, तेव्हा एक बूट तिथंच राहिला. त्या दिवसापासून जुने कॅनव्हासचे बूट, तळाला स्क्रू ड्रायव्हर तापवून भोकं पाडलेले. गमबूट भरला की माणसाला तळाला नेतो.

गणिताचा_तास | बुध, सकाळी ७:५५

तळाला नेत नाही. पाण्यातलं पाणी जड नसतं. बुटात तीन-चार लिटर पाणी असेल तर पाण्याखाली त्याचं वजन जाणवणार नाही. पाय पाण्याबाहेर काढायला लागलात की मग एका पायाला तीन-चार किलो लागले. पोहताना पाय मारता येत नाही ते वेगळं.

पूर_पाहिलेला | बुध, सकाळी ८:१०

पुस्तक बरोबर असेल. गटारात मी होतो.

गणिताचा_तास | बुध, सकाळी ८:१२

मान्य. बोटीत चढायचंच असतं शेवटी, त्यामुळं निष्कर्ष तुमचाच.

गुळाची_ढेप | बुध, सकाळी ९:४०

पुराचा विषय निघाला म्हणून. आमच्या गावात बोट यायच्या आधी दोन दिवस काहिलीनं माणसं काढली. बाहेरगावच्यांसाठी: काहील म्हणजे गुऱ्हाळात रस आटवायची भली मोठी कढई. चार माणसं आरामात बसतात. वल्हं एका बाजूनं मारलं की जागच्या जागी गोल फिरते, त्यामुळं एक जण इकडून, एक जण तिकडून. तिचा तळ वर्षानुवर्षं रस ढवळून आरशासारखा झालेला. त्यात चप्पल घालून उभा राहिलेला माणूस मी बघितलेला नाही. सगळे उकिडवे, अनवाणी, कड धरून. नदीकाठचा म्हणतो तेच. आधी बूड.

गोळी_दोनदा | बुध, रात्री १०:३०

डॉक्टर आहे, दवाखाना आत्ता बंद केला. आईंबद्दल बोलतो, कारण धाग्यात सगळे होडीबद्दल बोलले आणि त्या मागं राहिल्या.

मधुमेह जुना असेल तर तळव्याची जाणीव कमी झालेली असते. त्यांना अनवाणी अजिबात नेऊ नका, वाळूतसुद्धा. माझ्याकडं एक आजोबा आले होते, कोकणात बोटीत बसून आलेले. दोन्ही तळव्यांना फोड. दुपारच्या उन्हात तापलेल्या फायबरवर उभे राहिले, त्यांना कळलंच नाही. सून म्हणाली, आम्ही सगळे उड्या मारत होतो, बाबा मात्र शांत उभे होते.

त्यांना पुढून बंद, आतून शिवण न टोचणारा, मागून घट्ट, असा मऊ बूट घ्या. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. नवा बूट थेट तारकर्लीला घालायला देऊ नका, आधी आठवडाभर घरात रोज अर्धा तास. घालण्याआधी आत हात घालून बघा. वाळूचा खडा, शिंपल्याचा तुकडा त्यांना टोचणार नाही, पण जखम करेल. परत आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. ओला बूट दिवसभर पायात राहिला की चिखल्या होतात, आणि त्यांच्या बाबतीत चिखल्या ही किरकोळ गोष्ट नाही.

तुमच्या सोललेल्या गुडघ्याचं: धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा. साचलेल्या किंवा पुराच्या पाण्यात जखम घेऊन उतरलेल्या कुणालाही पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरला आवर्जून सांगावं की पाण्यात गेलो होतो. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो, आणि सांगितलं नाही तर आम्ही आधी डेंग्यूच शोधत बसतो.

देवबागचो | गुरु, सकाळी ११:१५

कोल्हापूरकरांनू, तुमी येवा, पण आयका. आमच्याकडे बोट जेटीक लागतलीच असा नाय. बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाण्यात चलान बोटीत चढाचा लागता. लोक बूट-मोजे घालून येतत आणि वाळूत उभे रवान बोटवाल्याक विचारतत, काका, बोट हयसर येत नाय? बोट काय रिक्षा आसा?

खडपात उतरणार असशात तर अनवाणी नको. कालवा (शिंपले) चिकाटलेली आसतत खडकाक, ब्लेडसारखी. आणि उथळ वाळूच्या पाण्यात पाय उचलून टाकू नको, घासत घासत चल. वाळयेत पाकट मासो बसलेला आसता, पाय घासलो की ता आपसूक पळता. वर पाय दिलात तर शेपटीचो काटो मारता.

आयेक बोटवालो हात देतलो. लाजा नको म्हणाव.

चिमणी_काकू | गुरु, दुपारी ३:००

साडी असेल तर तारकर्लीपुरता पंजाबी ड्रेस घालायला लावा. सासूबाईंना मी हे सुचवलं तेव्हा दोन दिवस अबोला होता. शेवटी त्यांनी साडीच नेसली, बोटीत चढताना निऱ्यांवर स्वतःचाच पाय पडला. बुटाचा काही दोष नव्हता.

आणि सगळ्यांचे ओले बूट परत आणायला एक जाळीची कांद्याची पिशवी न्या. गाडीच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले बूट आम्ही गगनबावड्याला काच खाली करून सोसले.

कळंबा_नाका | शनि, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार. इंजेक्शन घेतलं.

आज संध्याकाळी खरेदी. नख दाबण्याची परीक्षा मी चार दुकानांत केली. तिसऱ्या दुकानदारानं विचारलं, साहेब, बूट घेताय का पेरू? शेवटी माझ्यासाठी, बायकोसाठी, पोरासाठी जाळीचे वॉटर शूज, मऊ सोलचे, बिननाडीचे, आवळायला दोरी आणि गुंडी. पोराला एक नंबर मोठा घेऊ, वाढतं वय आहे, असं बायको म्हणत होती. मी रबर_सोल यांना न विचारताच नाही म्हणालो. बरोबर केलं ना?

आईला वॉटर शूजचा तळ फार पातळ वाटला. तिला पुढून बंद, मागं वेल्क्रोचा पट्टा असलेली जाड तळाची सँडल घेतली. घरी आल्यावर तांब्याभर पाणी ओतून बघितलं. माझ्यातून सातापर्यंत मोजेतो गेलं. आईच्या सँडलमध्ये ओतायला लागलो तर ओरडली, नव्या वस्तूत पाणी ओततोस होय रे.

रबर_सोल | शनि, रात्री ८:४१

बरोबर केलंत. ओला झाल्यावर जाळी सैलावते, एक नंबर मोठा घेतला असता तर पोराचा बूट पहिल्याच चिखलात गेला असता. पातळ तळाबद्दल आई पण बरोबर. काचेला आणि गोट्यांना तो तळ पुरत नाही.

नदीकाठचा | शनि, रात्री ९:१०

एवढं घेतलं, लाईफ जॅकेट घेतलं का?

कळंबा_नाका | शनि, रात्री ९:१२

चार आहेत. घालतो. गेल्या रविवारी होडीत ठेवलेली होती, बसायला.

नदीकाठचा | शनि, रात्री ९:१३

🙏

कळंबा_नाका | रवि, संध्याकाळी ७:००

हजेरी. कयाक गुडघ्याखालच्या पाण्यात आणली, मधोमध बूड टाकलं, पाय खळबळले, आत घेतले. कोरडा बसलो. मित्रानं व्हिडिओ काढायला फोन धरला होता, त्याची निराशा झाली. फायबरच्या होडीवर उठताना एकदा सटकलो, सोलला चिखल तसाच होता. धुतल्यावर नाही सटकलो. बूट तासाभरात वाळले. बोटांच्या बेचक्यात वाळू मात्र घरापर्यंत आली.

तांबडा_पांढरा | रवि, संध्याकाळी ७:०४

म्हणजे दोन-तीन हजार घालवून शेवटी बसायलाच शिकलास.

कळंबा_नाका | २६ डिसेंबर, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. तारकर्ली झाली. बोट खरोखरच गुडघाभर पाण्यात होती. आमच्या शेजारचं एक कुटुंब बूट-मोजे घालून वाळूत उभं होतं, देवबागचो यांची आठवण आली. आईनं बोटवाल्याला हात दिला, सँडल पायात, साडी (हो, साडीच) पोटरीपर्यंत खोचलेली, आणि माझ्या आधी जाऊन बसली. आधी बूड. मी शिकवलं नव्हतं. लहानपणी राधानगरीकडं मामाच्या गावी नावेनं जायची म्हणे, हे मला आत्ता कळतंय. आता ती सँडल रोज रंकाळ्याच्या फेरीला पायात असते, आणि मंडळातल्या तिघींनी दुकानाचं नाव विचारलंय.

दुसरी बातमी. धरणाचं पाणी उतरलं तशी मित्राला गाळात माझी उजवी चप्पल सापडली. पापड झाली आहे. पण कापशीकरांकडून नवी उजवी मी पंधरा दिवसांपूर्वीच करून आणली. एक डावी, दोन उजव्या.

तांबडा_पांढरा | २६ डिसेंबर, रात्री १०:१७

जुनी उजवी दारावर टांग. वहिनी कधीच्या विचारतायत.